आमदार झाल्यावर वकिली सोडावी लागते का?

निवडणूक जवळ आली की फ्लेक्सवर नावाआधी ‘अ‍ॅड.’ लावलेले चेहरे वाढतात. निकाल लागतो, त्यातले काही विधानभवनात पोहोचतात आणि पुढच्याच महिन्यात तीच व्यक्ती जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून युक्तिवाद करताना दिसते. मग प्रश्न येतोच. सरकारी कारकुनाने परवानगीशिवाय साईड बिझनेस केला तर त्याची चौकशी लागते. मग दरमहा सरकारी तिजोरीतून मानधन घेणारा आमदार फी घेऊन खटले कसा चालवतो?

अलीकडे या प्रश्नाला उज्ज्वल निकम यांच्यामुळे पुन्हा धार आली. २०२४ची लोकसभा निवडणूक लढवताना त्यांनी विशेष सरकारी वकील म्हणून असलेली कामे सोडली, पराभवानंतर राज्य सरकारने त्यांना पुन्हा नेमले आणि जुलै २०२५मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. ते खासदार, पण आमदारांना लागू होणारी तत्त्वे जवळपास तीच आहेत.

थोडक्यात उत्तर हवे असेल तर: नाही, सोडावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर ते स्पष्ट केले. पण न्यायालयाने नेमके कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि कोणता प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराचा फारसा उपयोग नाही.

आधी सनद समजून घेऊ

एलएलबी झाले म्हणजे कोणी वकील होत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ या कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे ही संस्था महाराष्ट्र आणि गोवा यांची मिळून एकच आहे. नोंदणी झाल्यावर मिळते ती सनद. कायद्याने नोंदणीची फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये ठरवली आहे. बार कौन्सिलांनी त्याहून जास्त रक्कम घेऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२४मध्ये सांगावे लागले. यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, आणि मग प्रत्यक्ष वकिली.

आमदारकीच्या अटी यापेक्षा सोप्या आहेत. विधानसभेसाठी वय २५ पूर्ण, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव, १०,००० रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी) आणि अर्जासोबत नमुना २६ मधले प्रतिज्ञापत्र. शिक्षणाची अट नाही. कायदे करणाऱ्याला कायद्याची पदवी लागत नाही, कायदा कोर्टात सांगणाऱ्याला मात्र लागते. यावर हसणारे पुष्कळ आहेत. पण लोकप्रतिनिधी निवडताना पदवीची चाळण लावली तर अर्धा महाराष्ट्र बाहेर राहील, म्हणून ही अट मुद्दामच ठेवलेली नाही.

सगळा वाद एका ओळीवर: नियम ४९

वकिलांनी दुसरे काय करावे आणि काय करू नये, याचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केले आहेत. नियम ४७ सांगतो की वकिलाने स्वतः धंदा चालवायचा नाही. पैसे गुंतवून निष्क्रिय भागीदार (स्लीपिंग पार्टनर) राहता येते, तेही राज्य बार कौन्सिलला तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेशी विसंगत वाटला नाही तर. नियम ४८प्रमाणे कंपनीचा संचालक किंवा अध्यक्ष होता येते, व्यवस्थापकीय संचालक होता येत नाही. नियम ५१ मात्र मोकळा हात देतो: शिकवणे, व्याख्याने, पत्रकारिता, कायद्याच्या पुस्तकांचे संपादन, इतकेच काय, संसदेपुढील विधेयके पैसे घेऊन तपासून देणेही चालते.

कळीचा नियम ४९. कोणतीही व्यक्ती, सरकार, फर्म, महामंडळ वा संस्था यांचा ‘पूर्णवेळ पगारी नोकर’ असेपर्यंत वकिली करता येणार नाही. नोकरी लागली की बार कौन्सिलला कळवायचे आणि सनद स्थगित ठेवायची. याचिकाकर्त्याचे म्हणणे होते की आमदार-खासदारांना पगार मिळतो, भत्ते मिळतात, निवृत्तिवेतन मिळते, काम पूर्णवेळ असते, तेव्हा हा नियम त्यांनाही लागू व्हावा.

न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या निकालाने ते मानले नाही. नियमातले तिन्ही शब्द एकाच वेळी लागू व्हायला हवेत आणि ‘नोकर’ या शब्दापाशी युक्तिवाद अडतो. नोकर म्हटला की मालक आला; कामावर ठेवणारा, काय करायचे ते सांगणारा, काढून टाकणारा. आमदाराला मतदार निवडतात, पण मधेच काढू शकत नाहीत. अध्यक्ष सभागृहात शिस्त लावतात, पण म्हणून ते त्याचे मालक होत नाहीत. बार कौन्सिलला वाटले तर ती वेगळा नियम करू शकते. तसा नियम आज नाही, म्हणून बंदीही नाही.

पण पगार तर सरकारचाच ना?

या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका गाजलेल्या खटल्यात आहे, आणि त्यातला गमतीचा भाग असा की त्यातले आमदार स्वतः बॅरिस्टर होते. बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांनी जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा ते आमदार होतेच. त्यांच्या बाजूने असे मांडले गेले की आमदार हा ‘लोकसेवक’ आहे, त्यामुळे त्याच्यावर खटला भरण्याआधी मंजुरी लागते.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे अमान्य केले. आमदाराचे वेतन घटनेच्या कलम १९५खाली विधिमंडळाने केलेल्या कायद्याने ठरते आणि राज्याच्या तिजोरीतून येते हे खरे. पण दंडसंहितेतल्या लोकसेवकाच्या व्याख्येत ‘सरकार’ म्हणजे कार्यकारी सरकार, म्हणजे मंत्रिमंडळ आणि त्याखालची यंत्रणा. आमदार त्या सरकारच्या पगारावर नसतो. उलट त्या सरकारला जाब विचारणे हेच त्याचे काम. मुख्यमंत्री आणि मंत्री मात्र सरकारचे वेतन घेतात, असे न्यायालयाने १९७९मध्ये करुणानिधी यांच्या खटल्यात आधीच म्हटले होते.

पुढे चित्र बदलले. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या रुंद केली आणि १९९८मध्ये नरसिंह राव खटल्यात आमदार-खासदारही त्यात येतात असे ठरले. म्हणजे आज आमदार लाच घेताना सापडला तर तो लोकसेवक आहे. तरीही तो नोकर नाही. २०१८च्या निकालाने हा फरक जपला: लोकसेवक असणे वेगळे आणि कोणाचा पगारी नोकर असणे वेगळे.

डॉक्टरला नाही म्हटले, मग आमदाराला हो कसे?

हा आक्षेप वकील मंडळीच जास्त घेतात. मुंबईतले शल्यचिकित्सक डॉ. हनिराज चुलानी यांनी कायद्याची पदवी घेऊन सनद मागितली, पण दवाखाना सुरू ठेवून. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नकार दिला आणि १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नकार योग्य ठरवला. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा पेशा आहे; ऑपरेशन टेबलवर रुग्ण आणि कोर्टात तारीख, अशी ओढाताण अशिलाला परवडणारी नाही, असा त्यामागचा विचार होता.

मग आमदाराचे लक्ष विभागले जात नाही का? जातेच, आणि डॉक्टरपेक्षा कमी नाही. फरक इतकाच की चुलानी प्रकरणात महाराष्ट्र बार कौन्सिलचा दुसऱ्या पेशातल्या माणसाला रोखणारा लेखी नियम होता. आमदारांबाबत तसा कोणताही नियम नाही. आणि आमदारकी हा ‘पेशा’ आहे असे आपली राज्यघटना मानत नाही. हे उत्तर कायद्याच्या चौकटीत बसते. सामान्य माणसाला मात्र ते अर्धवट वाटते आणि त्याला दोष देता येत नाही.

मंत्र्यांची गोष्ट निराळी. मंत्रिपद हे कार्यकारी पद आहे, वेतन सरकारचे, काम दिवसरात्रीचे. मंत्री झालेले वकील वकिली थांबवतात, असा प्रघात आहे. त्यासाठीची वाट सोपी आहे: राज्य बार कौन्सिलला कळवून मूळ सनद जमा करायची आणि वकिली स्वेच्छेने स्थगित करायची; मंत्रिपद गेले की अर्ज करून पुन्हा सुरू. यादीतून नाव जात नाही, ज्येष्ठताही शून्यावर येत नाही.

सरकारी वकिलाने उभे राहायचे ठरवले तर

खरा पाय घसरतो तो इथे. घटनेचे कलम १९१ सांगते की सरकारच्या अखत्यारीतले ‘लाभाचे पद’ धारण करणारी व्यक्ती आमदार म्हणून निवडून येण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते, कायद्याने सूट दिली नसेल तर. लाभाचे पद म्हणजे ज्या पदातून आर्थिक फायदा होऊ शकतो असे पद. प्रत्यक्षात दमडीही घेतली नाही, हा बचाव चालत नाही; जया बच्चन यांच्या प्रकरणात २००६मध्ये न्यायालयाने म्हटले की रक्कम मिळण्यासारखी होती का हे पाहायचे, घेतली का हे नाही.

सरकारचे खटले चालवणारा वकील या जाळ्यात सापडतो का? दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की रेघ दिसते. मध्य प्रदेशातल्या महादेव विरुद्ध शांतीभाई या खटल्यात उमेदवार वकील रेल्वेच्या पॅनेलवर होता. त्याच्यावर रेल्वेच्या खटल्यांवर नजर ठेवण्याची कायमची जबाबदारी होती आणि रेल्वेविरुद्ध वकीलपत्र घेण्यास मनाई होती. न्यायालयाने हे लाभाचे पद ठरवले. राजस्थानातल्या कांता कथुरिया यांना मात्र एका लवादाच्या कामापुरते विशेष सरकारी वकील नेमले होते. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना राजस्थान विधिमंडळाने १९६९मध्ये मागील तारखेपासून सूट देणारा कायदाच केला. सर्वोच्च न्यायालयातल्या पाचपैकी तीन न्यायमूर्तींचे मत पडले की हे ‘पद’च नव्हे, माणूस गेला तरी जे रिकामे राहते आणि दुसऱ्याने भरता येते ते पद, एका खटल्याचे काम म्हणजे पद नव्हे. उरलेल्या दोघांना ते लाभाचे पद वाटले. निवड टिकली.

हे लक्षात घेऊन व्यवहारात काय करायचे? जिल्हा सरकारी वकील, सहायक सरकारी वकील, सरकारी पॅनेलवरचा वकील यांनी अर्ज भरण्याआधी राजीनामा द्यायचा आणि तो स्वीकारल्याचे पत्र हातात घ्यायचे. पात्रता पाहिली जाते ती अर्ज छाननीच्या दिवशी. राजीनामा टपालात आहे, मंजुरी विधी व न्याय विभागात अडकली आहे, अशा स्थितीत छाननीला सामोरे जाणे म्हणजे विरोधकाला निवडणूक याचिकेचा मुद्दा आयता देणे. निकालापासून ४५ दिवसांत कोणीही मतदार किंवा उमेदवार उच्च न्यायालयात अशी याचिका करू शकतो, आणि उमेदवार निवडणुकीच्या दिवशी अपात्र होता असे ठरले तर पाच वर्षांची मेहनत एका आदेशात जाते. निवडून आल्यानंतर असे पद घेतले तर वाट वेगळी: तक्रार राज्यपालांकडे, निवडणूक आयोगाचे मत, आणि ते मत राज्यपालांवर बंधनकारक.

एका खटल्यापुरत्या विशेष सरकारी वकिलाची बाजू कथुरिया निकालामुळे बरीच भक्कम आहे. पण नेमणुकीच्या पत्रात काय लिहिले आहे, मानधन कसे ठरले आहे, एकच खटला आहे की खटल्यांची रांग आहे, यावर ती टिकते किंवा ढासळते. सावध माणूस सूट देणारा कायदा आधी वाचतो, पत्र नंतर स्वीकारतो.

अधिवेशन आणि तारीख एकाच दिवशी

विधिमंडळाची साधारण तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. बीड किंवा सिंधुदुर्गात वकिली करणारा आमदार डिसेंबरात नागपूरला गेला की त्याच्या अशिलांच्या तारखांचे काय?

आमदार आहे म्हणून पुढची तारीख मागण्याचा कोणताही हक्क त्याला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ उलट बाजूने बोलतो. एका पक्षकाराला सुनावणीच्या टप्प्यात तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे, हे कारण मुळीच चालणार नाही. आणि वकील इतर कारणाने येऊ शकत नसेल तर पक्षकाराला वेळेत दुसरा वकील लावणे शक्य नव्हते अशी न्यायालयाची खात्री व्हायला हवी. अधिवेशनाच्या तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात. मग वेळेत दुसरा वकील मिळाला नाही, असे तोंड वर करून सांगणे कठीण. (तीनचा आकडा प्रत्यक्षात किती पाळला जातो, हे कोर्टाची पायरी चढलेल्याला विचारावे, २००५च्या सेलम बार असोसिएशनच्या निकालाने खरोखर हाताबाहेरच्या कारणांना वाव ठेवला आहे.)

म्हणून जाणता आमदार-वकील वकीलपत्रावर आपल्याबरोबर ज्युनियरचेही नाव आणि सही घेतो. उलटतपास आणि अंतिम युक्तिवाद अधिवेशनाबाहेरच्या तारखांना लावून घेतो, मधल्या तारखा ज्युनियर सांभाळतो. अशिलाने सुरुवातीलाच विचारावे की साक्षीदाराच्या दिवशी उभे कोण राहणार. फी मोठ्या नावाची आणि उलटतपास दोन वर्षांच्या ज्युनियरचा, ही तक्रार तिथून सुरू होते. आमदाराने अधिवेशनच बुडवले तर? परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकते, पण सत्रसमाप्तीनंतरचे किंवा सभागृह सलग चारपेक्षा जास्त दिवस तहकूब असतानाचे दिवस त्यात मोजत नाहीत आणि आपली अधिवेशने इतकी आटोपशीर असतात की ही तलवार म्यानातच राहते.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला आहे. तिथले विधिमंडळ दर विषम वर्षी जास्तीत जास्त १४० दिवस भरते, आमदाराला महिना ६०० डॉलर मिळतात, त्यामुळे बहुतेकांना पोटासाठी दुसरा व्यवसाय लागतोच. तिथला कायदा सांगतो की वकील आमदार असेल आणि अधिवेशन चालू असेल तर खटला पुढे ढकलायचा, अधिवेशन संपून ३० दिवस होईपर्यंत. पळवाट उघड आहे: खटला लांबवायचा म्हणून आमदारालाच वकील करायचे. तीही त्यांनी अर्धी बुजवली आहे. सुनावणीला ३० दिवसांपेक्षा कमी वेळ उरला असताना असा वकील लावला तर मुदत देणे न देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर. आणि केवळ मुदत मिळवण्यासाठी ही केस घेतलेली नाही, असे प्रतिज्ञापत्र वकिलाने द्यायचे.

अडचण नोकरीची नाहीच

आपण गेली कित्येक वर्षे चुकीच्या चाळणीने धान्य चाळतो आहोत. गृहनिर्माण सोसायटीचा सचिवच इमारत रंगवणारा ठेकेदार असेल तर सभासद त्याला काय विचारतील? सोसायटी तुम्हाला पगार देते का, असे नक्कीच नाही. निविदा कोणी उघडली, दर कोणी मंजूर केला आणि ठेकेदार आपणच आहात हे सभेत सांगितले होते का, हे विचारतील. आमदार-वकिलाबाबत आपला कायदा फक्त पगाराचा प्रश्न विचारून थांबतो.

आता खरी स्थिती पाहा. एखाद्या बांधकाम कंपनीचे खटले आमदार चालवतो आणि नगरविकास विधेयकावर मतही देतो. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या आरोपीचे वकीलपत्र त्याच्याकडे आहे, त्याच ठाण्याच्या कामकाजावर तो लक्षवेधी मांडतो. यात बेकायदा असे दर वेळी काही नसेल. पण मत कोणासाठी आणि फी कशासाठी, यातली भिंत बाहेरून दिसत नाही.

ही भिंत पडली की काय होते, ते न्यूयॉर्कने पाहिले. शेल्डन सिल्व्हर १९९४पासून २०१५पर्यंत तिथल्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि एका मोठ्या लॉ फर्मशी वकील म्हणून जोडलेले होते. आरोप असा की एका डॉक्टरने अ‍ॅस्बेस्टॉसमुळे कर्करोग झालेले रुग्ण या फर्मकडे पाठवले, सिल्व्हर यांनी त्या डॉक्टरच्या संशोधनाला अडीच-अडीच लाख डॉलरची दोन सरकारी अनुदाने दिली आणि रुग्ण आणून दिल्याबद्दल फर्मकडून फीचा वाटा घेतला. त्या खटल्यांवर त्यांनी काम केले नव्हते. दुसऱ्या बाजूला, विधिमंडळाच्या निर्णयांवर ज्यांचा धंदा अवलंबून होता अशा बिल्डरांनी मालमत्ता कराचे काम दुसऱ्या एका फर्मला दिले आणि तिथूनही वाटा पोहोचला. २०१५मध्ये ते दोषी ठरले, २०१७मध्ये निकाल फिरला, २०१८मध्ये पुन्हा दोषी ठरले. २०२०मध्ये अपिलात डॉक्टरशी संबंधित दोष रद्द झाले, बिल्डरांशी संबंधित दोष कायम राहिले. शिक्षा भोगत असतानाच जानेवारी २०२२मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

या प्रकरणात पैशावर नाव होते ‘वकिलीची फी’. लाच पाकिटात येते असे आपण धरून चालतो. ती पावती आणि कर भरून येऊ शकते, हे इथे दिसले. २०२२च्या शेवटी न्यूयॉर्कने आमदारांचा पगार वर्षाला १,४२,००० डॉलर केला आणि बाहेरच्या उत्पन्नावर ३५,००० डॉलरची मर्यादा घालणारा कायदा केला.

आपल्याकडे काहीच नियम नाहीत का?

आहेत, आणि त्यातले दोन महाराष्ट्रात फार उपयोगाचे आहेत. वापरले जात नाहीत ही गोष्ट वेगळी. बार कौन्सिलच्या आचारनियमांतला नियम ८ म्हणतो की ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोणत्याही न्यायालयात, न्यायाधिकरणात उभे राहू नये. कार्यकारी मंडळ म्हणजे नाव काहीही असो, संस्थेचा कारभार पाहणारे मंडळ. आपले आमदार सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, शिक्षणसंस्था, दूध संघ अशा किती मंडळांवर असतात ते मोजून पाहा. त्या प्रत्येक संस्थेचे वकीलपत्र त्यांना बंद आहे. नियम ९ पुढे जातो: ज्या प्रकरणात स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे त्यात वकील म्हणून उभे राहायचे नाही. नियमातच उदाहरण दिले आहे, ज्या कंपनीचे आपण संचालक आहोत तिचे काम घेऊ नये.

नियम ३६ वाचला तर फ्लेक्स छापणाऱ्यांचा धंदा बसेल. वकिलाने जाहिरात करायची नाही, आणि पाटीवर आपण कोणत्या व्यक्तीशी, संघटनेशी वा कार्याशी जोडलेले आहोत ते लिहायचे नाही. वकिलीच्या कार्यालयाबाहेर पक्षाचे चिन्ह, नेत्याचा फोटो आणि ‘आमदार अ‍ॅड.’ अशी रंगीत पाटी लावणे या नियमाच्या पुढे टिकणे अवघड आहे.

यापलीकडे मात्र पोकळी आहे. नमुना २६ मध्ये व्यवसाय आणि उत्पन्नाचा स्रोत लिहावा लागतो. ‘वकिली’ एवढे लिहिले की रकाना भरतो. अशील कोण, हे विचारलेले नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९अ सरकारशी कंत्राट असलेल्याला अपात्र ठरवते, पण फक्त मालपुरवठा आणि बांधकामासारख्या कामांच्या कंत्राटाबाबत. कायदेशीर सल्ला त्यात बसत नाही.

अशिलाची गुप्तता आड येते, असे वकील सांगतात. त्यात तथ्य आहे, पण थोडे. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३२ अशील आणि वकील यांच्यातल्या संवादाला संरक्षण देते. वकीलपत्र मात्र उघड कागद आहे. कोर्टात कोण कोणासाठी उभे आहे हे गुपित नसतेच. गुपित राहते ते कोर्टाबाहेरच्या सल्ल्याचे काम आणि मोठा पैसा बहुधा तिथेच असतो.

मग सरसकट बंदीच का नको?

कारण बंदीने कोण आत येईल आणि कोण बाहेर राहील, हेही पाहावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३पासून मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टरी करत होते आणि १९२७पासून मुंबई विधिमंडळात होते. १९२८चे महार वतनाबाबतचे विधेयक आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांचेच. १९३४मध्ये र. धों. कर्व्यांचा खटला त्यांनी लढवला तो विधिमंडळाचे सदस्य असतानाच. पिढीजात पैसा नसलेल्या माणसाला सभागृहात स्वतंत्रपणे उभे राहायचे तर कमाईचा स्वतःचा मार्ग हवा, नाहीतर तो पक्षाच्या किंवा सावकाराच्या हाती जातो. बंदी घातली तर ज्यांची शेती, कारखाने आणि शाळा-महाविद्यालये आहेत त्यांना काहीच फरक पडणार नाही, कारण धंदा करणाऱ्या आमदाराला कोणी अडवत नाही. अडेल तो तालुक्यातला वकील.

उघड नोंद ठेवणे हा बंदीपेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे: सदस्याने वर्षाला किती फी कोणत्या क्षेत्रातून मिळाली ते सभागृहाच्या नोंदवहीत लिहावे, आणि ज्या विषयात अशिलाचा थेट फायदा आहे तिथे बोलण्याआधी ते सांगावे. लोकसभेच्या नियम ३७१खाली सदस्याच्या वैयक्तिक आर्थिक हितसंबंधावरून त्याच्या मताला हरकत घेता येते. पण हरकत घेणाऱ्याला आधी माहिती हवी.

तोपर्यंत स्वतः काय तपासता येते

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाप्रमाणे वकिलाच्या नावानेही खटले शोधता येतात. जिल्हा आणि न्यायालय निवडायचे, नावाची इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून पाहायची, कारण नोंद करणाऱ्याने कोणती वापरली ते सांगता येत नाही. उच्च न्यायालयासाठी वेगळा शोध करावा लागतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र मिळते. त्यातले उत्पन्न, व्यवसाय आणि संस्थांमधले शेअर्स या खटल्यांच्या यादीशेजारी ठेवून वाचावे. साखर कारखान्याच्या किंवा बँकेच्या संचालक मंडळाची यादी त्यांच्या वार्षिक अहवालात असते.

नियम ८ किंवा ९चा भंग दिसला तर तक्रार राज्य बार कौन्सिलकडे, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५खाली. खटल्याचा क्रमांक, वकीलपत्राची किंवा हजेरीची नोंद, संचालक मंडळाचा पुरावा जोडायचा. ‘आमदार दबाव आणतो’ एवढ्या वाक्यावर काही होत नाही. समिती समज देऊ शकते, सनद ठरावीक काळ स्थगित करू शकते, यादीतून नावही काढू शकते. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, ही तरतूद कलम ३६ब मध्ये आहे. तक्रारीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन ठेवा, कारण ते वर्ष त्या तारखेपासून मोजतात.